खुर्चीची खालची बाजू

रविवारी सकाळी सगळ्यांनी अण्णांकडे, म्हणजे वडिलांकडे, जमायचं असं दादाने परस्पर ठरवून टाकलं, तेव्हाच धाकटीने ओळखलं की निर्णय झालेला आहे, आता फक्त माना डोलवायला माणसं हवीत. या कुटुंबात बैठका अशाच होत आल्या. आधी दादा आणि काका प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात दार लोटून बसायचे, मग सगळ्यांना निरोप जायचे, आणि जमल्यावर दादा "तुम्हाला काय वाटतं?" असं अशा सुरात विचारायचा की कुणाची काही वाटून घ्यायची छाती होऊ नये.

धाकटीला मात्र वाटायचं. लहानपणापासून तिला जरा जास्तच वाटायचं, आणि घरच्यांची तिच्याबद्दलची मुख्य तक्रार हीच होती. चाळिशीला टेकली तरी ती धाकटीच राहिली होती, नावानेही आणि मानानेही.

ती आली ती चादरीत गुंडाळलेली खुर्ची काखोटीला मारून. घर आणि कारखाना यांच्यामध्ये एक भिंत आणि एक लोखंडी दार, आणि त्या दारापाशी परत आलेल्या खुर्च्यांच्या थप्प्या उभ्या होत्या. गडद निळ्या, हॉस्पिटलच्या बसायच्या हॉलसाठी बनवलेल्या. गेल्या होत्या तेव्हा तोंड दिसेल अशा चकचकीत होत्या. परत आल्या त्या पांढऱ्या ओरखड्यांनी भरून, जणू एकेकीवर मांजरांची शाळा भरली होती. धाकटीने थप्पीतली वरची खुर्ची उचलली, तीही दुसऱ्या काखेत घेतली आणि आत गेली.

बैठकीच्या खोलीत अण्णा खिडकीशी बसले होते. काका सोफ्यावर पसरले होते. वहिनी, म्हणजे दादाची बायको, चहाचे कप मांडत होती. आई नेहमीच्या बुटक्या स्टुलावर, गुडघे चोळत. आणि कोपऱ्यात, पांढऱ्या कापडाखाली, पहिली खुर्ची.

ही पहिली खुर्ची म्हणजे अण्णांनी कारखाना टाकला तेव्हा मशीनमधून बाहेर पडलेली पहिली लाल खुर्ची. तिच्यावर कुणी कधी बसलं नव्हतं. लहानपणी दादा एकदा चढला होता, त्याचा गाल कितीतरी वेळ लाल राहिला होता. आई दर आठवड्याला कापड काढायची, मऊ फडक्याने पुसायची, पुन्हा झाकायची आणि आपल्या स्टुलावर येऊन बसायची. स्टुलावरून उठताना तिला भिंतीचा आधार लागायचा, पण कोपऱ्यातली खुर्ची घे असं तिला कुणी म्हटलं नाही, आणि तिनेही मागितली नाही.

"हे काय आणलंस?" दादाने विचारलं.

"खुर्च्या."

"आपल्याकडे खुर्च्यांची काय टंचाई आहे का?" काका म्हणाले आणि स्वतःच हसले. अण्णांचे हे धाकटे भाऊ. अण्णांनी माल बनवायचा आणि काकांनी तो विकायचा, असं जन्मभर चाललं. काकांच्या जिभेला हाड नव्हतं, पण गिऱ्हाइकांना ती जीभ आवडायची.

दादाने घसा साफ केला. "उद्या त्या मोठ्या कंपनीचे लोक येताहेत. सगळे साचे घेऊन जातील. कामगारांनाही सामावून घेऊ म्हणतात. आपण मोकळे. तुम्हाला काय वाटतं?"

"म्हणतात," धाकटी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

"तू विचारलंस म्हणून बोलले."

वहिनीच्या हातातला कप बशीवर वाजला. दादा तिच्याकडे न बघता बोलत राहिला. "त्या हॉस्पिटलात मला हॉलच्या मधोमध उभं केलं. एकेक खुर्ची उचलून दाखवली. एक बाई आजारी पोर मांडीवर घेऊन बसली होती, तिनेसुद्धा मान वळवून पाहिलं. मला म्हणाले, हा माल तुम्ही स्वतःच्या घरात ठेवाल का? मी काय बोलणार होतो? अण्णा, तुमचं नाव घेऊन मी तिथे मान खाली घालून उभा होतो. पुन्हा मला ते नको."

तो खोटं बोलत नव्हता, आणि धाकटीला त्याची कीव आली. पण कीव येते म्हणून कुणी आपलं आयुष्य दुसऱ्याच्या हातात देत नाही. दादाला कारखाना हे वडिलांनी डोक्यावर दिलेलं ओझं होतं, कुठेतरी उतरवून ठेवलं की झालं. तिचं तसं नव्हतं. शिक्षण संपल्या दिवसापासून ती मशीनपाशी होती. प्लॅस्टिकचा दाणा जास्त तापला तर तिला नुसत्या वासावरून कळायचं. उद्या साचे ट्रकवर चढले की आपण कोण, हे तिला सांगता आलं नसतं. तिला याची भीती वाटत होती, आणि भीती वाटली की ती भांडायची.

"त्यांना आपले साचे कशासाठी हवेत, दादा?"

"अण्णांच्या पॉलिशसाठी. असा आरसा आख्ख्या धंद्यात कुणाच्या साच्याला नाही, असं ते स्वतः म्हणाले."

"मग त्यांना फोन कर. हॉलच्या खुर्चीच्या साच्याला आता आरसा राहिलेला नाही."

"म्हणजे?"

"शुक्रवारी मी तो बाहेर पाठवला होता. आतून बारीक वाळूचा मारा करून घेतला. तो आता खरखरीत आहे, आणि काल त्याच्यातून ही चादरीतली खुर्ची काढली."

मग दादा उठून उभा राहिला. "तुला वेड लागलंय का?" तो अगदी हळू म्हणाला, आणि त्याचा हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता. "वडिलांच्या हयातभराच्या कामावर वाळू मारून आलीस. कुणाला विचारलंस?"

"तू साचे विकताना मला विचारलंस?"

"स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात याला," काका म्हणाले.

धाकटी अण्णांकडे बघत होती. तिला बाकी कुणाच्या बोलण्याचं काही नव्हतं. अण्णा आपल्या बोटांकडे बघत होते. दर शनिवारी मशीन बंद झालं की ते साचा उघडायचे, लाकडी काडीला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा लावायचे, त्याला हिऱ्याच्या पुडीची पेस्ट लावायचे आणि घासत बसायचे. ओठ दाबून, श्वास रोखून. धाकटी शाळेत होती तेव्हापासून दिवा धरायला तिलाच बसवायचे, कारण दादाचा हात हलायचा. पोलादात आपला चेहरा दिसायला लागला की अण्णा म्हणायचे, "बघ, आत कोण आलंय." घासून घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा गेल्या होत्या. शुक्रवारी त्या पोलादावर वाळूचा पहिला फवारा बसला, आरसा धुरकटला, आणि धाकटी त्या वाळूवाल्याच्या दुकानाबाहेर जाऊन ढसाढसा रडली होती. मग डोळे पुसून आत गेली आणि म्हणाली, कोपरेही नीट करा.

"अण्णा, काहीतरी बोला," दादा म्हणाला.

अण्णांनी मान वर केली. "किल्ली लावलीस?" त्यांनी धाकटीला विचारलं.

किल्ली ही या घराची पद्धत होती. नवा माल निघाला की अण्णा खिशातून कारखान्याच्या कुलपाची किल्ली काढायचे, खुर्ची उलटी करायचे आणि बैठकीच्या खालच्या अंगाला किल्लीचं टोक दाबून ओढायचे. ओरखडा उठला नाही की माल पास. आजवर एकदाही नापास झाला नव्हता. काकांनी या किल्लीच्या गोष्टीवर निम्मा माल विकला होता.

"लावली," धाकटी म्हणाली. "पण वर."

"वर?" काका ताठ बसले. "वर कधी लावतात?"

"तेच विचारायचंय मला. अण्णा, माणूस खुर्चीच्या वर बसतो. किल्ली खाली का?"

अण्णांनी खिशावरून हात फिरवला. कुणी त्यांना हे कधी विचारलंच नव्हतं. "वर ओरखडा उठला तर ती खुर्ची विकायची कशी?" ते शेवटी म्हणाले.

वहिनीने हसू दाबलं. आईने दाबलं नाही.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," काका पुटपुटले.

"मूठ हॉस्पिटलात उघडली ना, काका." धाकटीने परत आलेली निळी खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली. "ही बघा वरून. आणि आता ही बघा." तिने ती उलटी केली. खालचं अंग जसं गेलं होतं तसंच होतं. मंद, राखाडी झाक असलेलं, एक रेघ नाही. "या खुर्च्या रोज थप्पीला लागायच्या. वरचीचं बूड खालचीच्या तोंडावर घासायचं. घासणं दोघींना सारखंच. एकीचं तोंड फाटलं आणि दुसरीच्या बुडाला काही झालं नाही. का? कारण साच्याच्या खालच्या भागाला अण्णांनी कधी पॉलिशच केलं नाही. तो पहिल्यापासून खरखरीत राहिला. चकचकीत अंगावर केसाएवढी रेघही लांबून दिसते. खरखरीत अंगावर तिला जागाच नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा. आपण इतकी वर्षं बरोबर खुर्ची बनवत होतो, फक्त उलटी."

"आणि मळ?" काकांनी विकणाऱ्याची शंका काढली. "खरखरीत अंगात मळ बसतो. महिन्याभरात काळी पडेल. पुन्हा परत येईल. आणि बसून बसून तिची खरखर झिजली की मधे टक्कल पडेल."

"जाडी खरखर असली तर पडेल. म्हणून वाळू बारीक घेतली. आणि दाण्यात सिलिकॉनचा दाणा मिसळलाय, म्हणजे किल्ली अडकत नाही, वरून निसटते. मळही धरत नाही."

"सिलिकॉन." काकांनी तो शब्द चोखून थुंकल्यासारखा उच्चारला. "ते मेणाचंच भावंड ना? तसलं काही मिसळलं की काय होतं ते माझ्या कमरेला विचार."

या वेळी अण्णासुद्धा हसले. मागे धाकटीने दाण्यात पहिल्यांदा मेण मिसळलं तेव्हा ते जास्त झालं होतं. ते खुर्चीच्या अंगावर फुटून आलं, आणि गिऱ्हाइकापुढे ऐटीत बसायला गेलेले काका सरळ जमिनीवर आले. गिऱ्हाइकाने त्यांना हात देऊन उठवलं आणि माल न घेता निघून गेला. तेव्हापासून काका तिची कुठलीही नवी गोष्ट आधी हाताने दाबून बघत.

"तेव्हा चुकलं," धाकटी म्हणाली. "म्हणून मेण सोडलं. हे बाहेर फुटत नाही. बसून बघा."

"मी? देव करो आणि तशी वेळ न येवो."

"हे सगळं बोलण्यापुरतं ठीक आहे," दादा म्हणाला. "काल एक खुर्ची निघाली. ती टिकते हे कुणी पाहिलंय?"

"मी पाहिलंय," वहिनी म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. लग्न होऊन आल्यापासून वहिनी या खोलीत चहा देण्यापलीकडे फार बोलली नव्हती. शाळेत मात्र तिच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग गप्प व्हायचा. ती आत गेली आणि निळं स्टूल घेऊन आली. साधं, चार पायांचं.

"छोट्या स्टुलाचा साचा आधीच खरखरीत करून झालाय. ही दोन महिन्यांपूर्वी मला स्टुलं देऊन गेली. शाळेच्या हॉलमध्ये ठेवली. मुलं त्यांची गाडी करतात, एक बसतो आणि दोघं ढकलतात. उलटी करून ढकलतात, कारण तशी जोरात पळतात. वर बूट घालून चढतात. कंपासच्या टोकाने नावं कोरायचा प्रयत्न झाला, मी त्या दोघांना धरलं, पण नाव काही वाचता आलं नाही." तिने स्टूल दादाच्या पुढ्यात ठेवलं. "बघा."

दादाने स्टुलाकडे पाहिलं नाही. बायकोकडे पाहिलं. "दोन महिने. आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणजे तूसुद्धा हिच्याच बाजूची."

"अहो, मी स्टुलाच्या बाजूची आहे," वहिनी म्हणाली. "तुम्ही हॉस्पिटलातून आलात त्या दिवशी जेवला नाहीत. ते मला परत बघायचं नाहीये. साचे विकून तुमची मान वर होणार असेल तर विका. पण ते साचे घेऊन दुसरं कुणी हेच करील आणि माल खपवेल, तेव्हा तुम्हाला जेवण जाणार आहे का?"

दादा चिडला. त्याने तरातरा जाऊन अण्णांपुढे हात पसरला. "किल्ली द्या."

अण्णांनी किल्ली काढली, पण दिली नाही. "मी लावतो," ते म्हणाले. धाकटीने चादर सोडली आणि नवी खुर्ची त्यांच्यासमोर ठेवली. तीच निळी, पण वेगळीच. उजेड तिच्यावर पडत होता आणि परत फिरत नव्हता. अण्णा वाकले, त्यात आपला चेहरा शोधल्यासारखे बघत राहिले, आणि तिथे चेहरा नव्हता. किल्लीचं टोक त्यांनी बैठकीवर टेकवलं. मग त्यांनी हात मागे घेतला.

"माझ्याच्याने नाही होत," ते म्हणाले. "नव्या खुर्चीच्या तोंडावर नाही होत."

दादाने किल्ली त्यांच्या हातातून घेतली. गुडघा टेकून, दात आवळून, सगळा राग मनगटात आणून त्याने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. मग आडवी. मग पुन्हा उभी. हॉस्पिटलचा हॉल, ती मान वळवून बघणारी बाई, दोन महिने गप्प राहिलेली बायको, दिवा धरायला कायम बसलेली बहीण, सगळ्यांचं उट्टं त्याने त्या एका खुर्चीवर काढलं. खुर्ची फक्त करकरली. धाकटीने त्याला अडवलं नाही. तिची नखं तळहातात रुतली होती.

तो थांबला तेव्हा त्याला धाप लागली होती. बैठकीवर फिकट रेषांचं जाळं दिसत होतं.

"आल्या रेघा," काका म्हणाले.

आई स्टुलावरून उठली, भिंतीला धरून. खुर्चीपाशी आली आणि नुसत्या तळहाताने तिने बैठक पुसली, दर आठवड्याला ती लाल खुर्ची पुसायची तशी. रेषा गेल्या. एकच राहिली, जिथे दादाने दुसऱ्यांदा जोर केला होता, आणि तीही उजेडाकडे तिरकं बघितलं तरच दिसत होती.

दादा किल्ली हातात धरून तसाच गुडघ्यावर बसला होता. "उद्या त्या लोकांना काय सांगू?" त्याने विचारलं. विचारताना पहिल्यांदाच त्याच्या आवाजात आधी ठरवलेलं उत्तर नव्हतं.

"तू नको सांगूस. मी सांगते," धाकटी म्हणाली. "आणि हॉस्पिटलातही मीच जाते. त्या हॉलच्या मधोमध ही खुर्ची ठेवते आणि किल्ली त्यांच्याच हातात देते. नापास झाली तर साचे तू म्हणशील त्याला देऊ, मी तोंडातून ब्र काढणार नाही. पण पास झाली तर या घरात यापुढे मला विचारल्याशिवाय काही विकायचं नाही. एक खिळासुद्धा नाही."

"आवाज बघा हिचा," काका म्हणाले. पण बोलता बोलता ते उठले, नव्या खुर्चीवर हाताने दाबून बघितलं, आणि सावकाश, एका वेळी एकेक बाजू टेकवत, बसले. घसरले नाहीत. पाठ टेकवून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "ही मी विकू शकतो," ते म्हणाले.

"विकाल हो. आधी उठा," धाकटी म्हणाली.

एवढ्यात अण्णा उभे राहिले. दादाच्या हातून किल्ली घेऊन ते कोपऱ्यात गेले. त्यांनी पांढरं कापड ओढलं. लाल खुर्ची अजूनही इतकी चकचकीत होती की खिडकी तिच्यात दिसत होती, आणि वाकलेले अण्णाही.

"अण्णा, राहू द्या," धाकटी म्हणाली. आता तिलाच ते बघवत नव्हतं. "तिची काही गरज नाही."

"आहे," अण्णा म्हणाले. "वरची किल्ली राहिली होती माझी."

या वेळी त्यांनी हात मागे घेतला नाही. किल्ली हलकीच फिरली, दादाच्या निम्माही जोर नसेल. लाल अंगावर पांढरी रेघ उमटली, बोटभर लांब, दारापासूनही दिसेल अशी. अण्णांनी ती अंगठ्याने पुसली. ती गेली नाही. पुन्हा पुसली. मग ते बाजूला झाले आणि किल्ली त्यांनी धाकटीच्या हातात ठेवली.

आई भिंतीला धरत कोपऱ्यापर्यंत गेली आणि लाल खुर्चीसमोर उभी राहिली.

"आता बसू का?" तिने विचारलं.

अण्णांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांचा चेहरा पडला. इतकी वर्षं ते बुटकं स्टूल त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. "बस," ते म्हणाले. "बस ना."

आई बसली. पाठ टेकवली. इकडे सरकली, तिकडे सरकली. सगळे तिच्याकडे बघत होते.

"अहो," आई म्हणाली, "बसायला काही खास नाही ही. पाठीत बोचतेय."

आधी वहिनी हसली, मग काका, आणि दादालाही हसू आवरेना. अण्णा हसले नाहीत. ते गंभीरपणे खुर्चीमागे गेले, वाकले, पाठीचा बाक हाताने चाचपून बघितला आणि धाकटीला खुणेने जवळ बोलावलं.

"दिवा आण," ते म्हणाले. "हेही बघायला लागेल."